रात्रीची जाग आणि रक्ताचा वारसा

हिंगोली जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'जागल' हा शब्द अद्याप जिवंत आहे. उभ्या पिकात रानडुकरे शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर मचाणावर किंवा बांधावर बसून राहतो, त्याला जागल म्हणतात. रब्बीच्या दिवसांत तिच्यात आणखी एका जागरणाची भर पडते. शेतीपंपांचा वीजपुरवठा पाळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री होत आला आहे. ज्या आठवड्यात पाळी रात्रीची असेल, त्या आठवड्यात गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी देण्यासाठी, दारे धरण्यासाठी, ऐन थंडीत मध्यरात्री उठून जावे लागते. ही दोन्ही जागरणे कष्टाची खरी, पण त्यांत गूढ असे काही नाही. रान राखून झाले, पाणी देऊन झाले, की माणूस आडवा होतो आणि त्याला झोप लागते.

याच गावांत जागरणाचा एक तिसरा प्रकारही आढळतो. राखायला पीक नसते, वीज आलेली नसते, अंग दिवसभराच्या कामाने आंबून गेलेले असते. आणि तरीही पहाटे तीनच्या सुमारास उघडलेले डोळे पुन्हा मिटत नाहीत. मन सुन्न झालेले असते. अन्नावर वासना राहत नाही, कशातच रस वाटत नाही, उद्याचा दिवस उगवूच नये असे वाटत राहते. अशा माणसाविषयी गावात दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले उघडपणे सांगितले जाते: कर्जाच्या काळजीने त्याची झोप उडाली आहे. दुसरे हलक्या आवाजात सांगितले जाते: त्यांच्या घराण्यातच आहे ते, त्याच्या चुलत्यालाही असेच होत असे.

पहिल्या स्पष्टीकरणातून निदान सहानुभूती तरी निर्माण होते. दुसऱ्याचे परिणाम अधिक दूरवर जातात. सोयरिकीची बोलणी अर्ध्यावर थांबतात, धाकट्या भावंडांकडे लोक संशयाने पाहू लागतात आणि खुद्द रुग्णाची अशी समजूत होऊन बसते की, जे रक्तातच आहे त्यावर औषध ते काय असणार. आनुवंशिकतेविषयीची ही समजूत उपचाराच्या वाटेतील एक मोठी धोंड आहे. म्हणूनच नैराश्य, निद्रानाश आणि आनुवंशिकता या तिघांच्या संबंधाविषयी गेल्या काही दशकांत शास्त्राने नेमके काय शोधून काढले आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

झोप आणि मन

नैराश्य म्हणजे प्रसंगाने येणारी उदासी नव्हे. मन खिन्न असणे, कशातही आनंद न वाटणे, थकवा, अपराधीपणाची भावना, भूक व झोप बिघडणे, मरणाचे विचार येणे यांपैकी अनेक लक्षणे एकत्र येऊन दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर डॉक्टर तिला विकार मानतात. या विकारात झोप बिघडणे ही गोष्ट इतकी सार्वत्रिक आहे की, दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना निद्रानाशाची लक्षणे जाणवतात. कोणाला अंथरुणावर पडूनही तासन् तास झोप लागत नाही, कोणाला मधूनमधून जाग येते, तर कोणी अवेळी पहाटे जागा होतो. याउलट काही रुग्ण दहा-बारा तास झोपूनही ताजेतवाने होत नाहीत. हा प्रकार विशेषतः तरुणांत दिसतो आणि घरची माणसे त्याला आळस समजतात.

एकेकाळी वैद्यकशास्त्र झोपेच्या या बिघाडाकडे केवळ एक लक्षण म्हणून पाहत असे. मूळ रोग बरा झाला की झोप आपोआप सुधारेल, अशी धारणा होती. १९७० च्या दशकात झोपेच्या प्रयोगशाळांत मेंदूतील विद्युतप्रवाहांचे आलेख काढले जाऊ लागले, तेव्हा नैराश्याच्या अनेक रुग्णांत स्वप्नांचा मानला जाणारा निद्राटप्पा नेहमीपेक्षा लवकर सुरू होतो, असे आढळून आले. निरोगी माणसात तो झोप लागल्यापासून साधारण दीड तासाने येतो. पुढे २०११ मध्ये दीर्घकालीन पाठपुराव्याच्या २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना नैराश्य नाही पण निद्रानाश आहे, अशा लोकांना पुढे नैराश्य जडण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. धूर आगीनंतर दिसतो, हे खरे. येथे मात्र पुष्कळदा धूर आगीच्या आधी दिसत होता. या दोन्ही विकारांच्या मुळाशी काही समान कारण असावे, ही शंका त्यातूनच बळावली आणि संशोधकांचे लक्ष आनुवंशिकतेकडे वळले.

एकाच बेण्याची हळद

आनुवंशिकतेचा वाटा मोजण्याची जुनी रीत म्हणजे जुळ्या भावंडांचा अभ्यास. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ एकसारखा असतो. दोन स्वतंत्र बीजांपासून झालेल्या जुळ्यांत इतर सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. पहिल्या प्रकारच्या जोड्यांत एखादा विकार दोघांनाही होण्याचे प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा जितके अधिक, तितका जनुकांचा वाटा मोठा, असा हा हिशेब आहे. अशा अभ्यासांच्या २००० साली झालेल्या एकत्रित परीक्षणात नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के भरली. निद्रानाशाचे आकडे अभ्यासागणिक बदलतात, पण बहुतेक ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान येतात.

हे आकडे कानी पडताच होणारा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. ३७ टक्के आनुवंशिकता याचा अर्थ एखाद्या माणसाच्या आजारातील ३७ टक्के भाग बापजाद्यांकडून आला, असा होत नाही. नैराश्यग्रस्ताच्या मुलांपैकी ३७ टक्के मुलांना तो आजार होईल, असाही होत नाही. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाचा किती हिस्सा जनुकांतील भेदांशी निगडित आहे, एवढेच हा आकडा सांगतो. तो समूहाचा आकडा आहे, व्यक्तीचा नव्हे. आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो.

हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठा हळदीसाठी प्रसिद्ध आहेत, तेव्हा हळदीचेच उदाहरण घेता येईल. हळद बियांपासून होत नाही, ती बेण्यापासून लावतात. एकाच कंदाची बेणी जनुकदृष्ट्या एकमेकांची जुळी भावंडेच होत. तरीही सेलमचे तेच बेणे एका शेतात भरघोस उतरते आणि शेजारच्या पाणथळ रानात कंदकुजीने बसते. येथे दोन शेतांच्या उत्पन्नातील सगळा फरक जमिनीचा, निचऱ्याचा आणि मशागतीचा आहे. याउलट एकाच चांगल्या रानात निरनिराळ्या जातींची बेणी लावली, तर दिसणारा फरक मुख्यतः बेण्याचा असेल. पीक दोन्ही वेळा हळदीचेच, पण बेण्याचा वाटा एकदा शून्य आणि एकदा मोठा भरतो. माणसाच्या आनुवंशिकतेचे गणितही याच जातीचे आहे. शिवाय, कंदकुजीला लवकर बळी पडणारे बेणे असले म्हणून ती अटळ ठरत नाही. ते बेणे कोणते आहे हे ठाऊक असलेला शेतकरी निचऱ्याच्या चरीकडे अधिक लक्ष देतो.

एका जनुकाचा शोध

झोपेचे वेळापत्रक जनुकांच्या ताब्यात असते, हे प्रथम माणसात नव्हे तर फळमाशीत सिद्ध झाले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी असे दाखविले की, एका विशिष्ट जनुकात बदल झालेल्या माश्यांचे दिवसरात्रीचे घड्याळ बिघडते. १९८४ मध्ये ते जनुक वेगळे काढण्यात यश आले. पुढील संशोधनाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसातही अशी काही कुटुंबे सापडली. संध्याकाळी लवकरच पेंगू लागणाऱ्या आणि पहाटे फार लवकर उठणाऱ्या एका अमेरिकन घराण्यात घड्याळाच्या अशाच एका जनुकात बदल असल्याचे २००१ मध्ये उघडकीस आले.

या यशामुळे नैराश्याचेही एखादे जनुक लवकरच सापडेल, अशी आशा पल्लवित झाली. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाची ने-आण करणाऱ्या एका जनुकाचे नाव पुढे आले. त्याचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्यात आहे, त्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य अधिक प्रमाणात होते, असा निष्कर्ष न्यूझीलंडमधील एका अभ्यासाने २००३ मध्ये काढला आणि त्यावर शेकडो प्रबंध लिहिले गेले. परंतु २०१९ मध्ये लाखो व्यक्तींच्या माहितीवर जेव्हा ही कसोटी पुन्हा लावली गेली, तेव्हा नैराश्याशी म्हणून गाजलेली अशी डझनभर जनुके, सहज चिठ्ठी टाकून निवडलेल्या इतर जनुकांपेक्षा अधिक काही सांगू शकली नाहीत. एका जनुकावर रचलेली जवळजवळ दोन दशकांची इमारत कोसळली. 'घराण्यातच आहे' या उद्गारामागे जी कल्पना असते, की एक दूषित अंश बापाकडून मुलाकडे येतो आणि सारे बिघडवतो, ती कल्पना नैराश्याच्या बाबतीत शास्त्राने तपासून बाजूस ठेवलेली आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आज जे चित्र दिसते ते निराळे आहे. २०१९ मध्ये सुमारे १३ लाख लोकांच्या माहितीवरून निद्रानाशाशी संबंधित २०२ जनुकीय स्थाने निश्चित करण्यात आली. नैराश्याविषयी २९ देशांतील ५० लाखांहून अधिक लोकांचा, त्यांत सुमारे ६ लाख ८८ हजार नैराश्यग्रस्तांचा, समावेश असलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७०० जनुकीय फरक आढळले. यांपैकी प्रत्येक फरक निरोगी माणसांतही सर्रास सापडतो आणि एकेकट्याचा परिणाम नगण्य असतो. गावातल्या प्रत्येक घरात यांतले शेकडो फरक नांदत असतात. कोणाच्या वाट्याला थोडे अधिक येतात, कोणाच्या वाट्याला थोडे कमी. 'ते घराणे' आणि 'आपले घराणे' अशी भिंत घालायला येथे जागाच नाही.

या अभ्यासांतून निघालेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. निद्रानाशाशी निगडित जनुकीय फरक हे किती तास झोपावे किंवा लवकर उठावे की उशिरा, हे ठरविणाऱ्या फरकांशी जितके जुळतात, त्यापेक्षा अधिक ते नैराश्य आणि चिंतेच्या विकारांशी जुळतात. म्हणजे वारसाहक्काच्या दृष्टीने पाहिले तर निद्रानाश हा झोपेपेक्षा मनाच्या विकारांचा अधिक जवळचा नातेवाईक आहे. नैराश्याच्या रुग्णाची झोप का बिघडते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे: दोन्हींची प्रवृत्ती काही अंशी एकाच शिदोरीतून आलेली असते.

दुसरी गोष्ट झोपेच्या वेळेविषयीची. माणसाची जनुके जन्मतःच, जणू चिठ्ठ्या टाकून, वाटली जातात. त्यांवर पुढच्या आयुष्यातील गरिबीचा, शिक्षणाचा वा आजाराचा परिणाम होत नाही. त्यामुळे लवकर झोपण्या-उठण्याकडे कल देणारी जनुके लाभलेल्यांची इतरांशी तुलना केली, तर कार्य कोणते आणि कारण कोणते, हे बऱ्याच अंशी उलगडता येते. सुमारे ८ लाख ४० हजार लोकांच्या माहितीवर ही रीत वापरून २०२१ मध्ये असे अनुमान काढण्यात आले की, झोपेच्या कालावधीचा मध्य एक तास अलीकडे असेल तर नैराश्याचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी असतो.

या अनुमानांना मर्यादा आहेत. अशा अभ्यासांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. निद्रानाशाच्या मोठ्या अभ्यासातील माहिती ब्रिटनमधील एका संग्रहातून आणि जनुकचाचण्या विकणाऱ्या एका अमेरिकन खाजगी कंपनीच्या ग्राहकांकडून आली होती, आणि निद्रानाश आहे की नाही हे लोकांनी स्वतःच सांगितले होते. भारतात सुमारे दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जनुकीय आराखडे तयार करणारा 'जीनोम इंडिया' प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. हा पाया आहे. त्यावर भारतीय मनोविकारांचे संशोधन उभे राहावयाचे आहे. तोपर्यंत थुंकीच्या नमुन्यावरून नैराश्याचे भविष्य सांगणाऱ्या जाहिरातींना कुडमुड्या जोशाच्या भाकितापेक्षा फार अधिक किंमत देण्याचे कारण नाही.

हिंगोलीची रात्र

जनुकांचा वाटा मान्य केल्यावर उरतो तो परिस्थितीचा वाटा, आणि तो लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि दर शंभरातील सुमारे ८५ माणसे ग्रामीण भागात राहत होती. अशा जिल्ह्यातील झोपेचा विचार करताना एक भेद करणे आवश्यक आहे. झोपण्याची संधी असूनही झोप न येणे, हा निद्रानाश. झोपण्याची संधीच न मिळणे, ही वंचना. मध्यरात्री मोटार सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याची झोप त्याच्या जनुकांनी नव्हे, विजेच्या वेळापत्रकाने हिरावलेली असते. परंतु शरीराला कारणांशी कर्तव्य नसते. एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असे शरीराचे घड्याळ मागेपुढे होत राहिले, तर ज्याच्या अंगी निद्रानाशाची प्रवृत्ती मुळातच अधिक आहे, त्याच्यात ही सक्तीची जाग पुढे सवयीची जाग होऊन बसण्याचा संभव असतो. पाळी दिवसाची आली तरी डोळे मध्यरात्री उघडतात, आणि त्या वेळी सोबतीला सोसायटीचे थकलेले कर्ज आणि सोयाबीनचा पडलेला भाव असतोच.

झोपेचे अमेरिकन संशोधक आर्थर स्पिलमन यांनी १९८० च्या दशकात निद्रानाशाची तीन प्रकारची कारणे वेगळी केली: माणसाला प्रवण करणारी, विकाराला तोंड फोडणारी आणि तो टिकवून धरणारी. जनुके पहिल्या प्रकारात मोडतात. नापिकी, आजारपण, सावकाराचा तगादा ही दुसऱ्या प्रकारची कारणे. तिसऱ्या प्रकारची कारणे पुष्कळदा माणूस स्वतःच्या हातांनी उभी करतो: रात्रीची भरपाई म्हणून दिवसभर लोळणे, झोप यावी म्हणून दारू घेणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून झोपेच्या गोळ्या मिळविणे. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते, आणि नैराश्य वाढते ते निराळेच. स्त्रियांत निद्रानाश आणि नैराश्य या दोहोंचेही प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते. सर्वांच्या शेवटी आडवी होणारी आणि पाण्यासाठी, चुलीसाठी सर्वांच्या आधी उठणारी घरातील बाई आपली झोप गेल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात मात्र क्वचितच जाते.

गरिबांच्या झोपेचा एक उल्लेखनीय अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईत केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांच्या झोपेचे मोजमाप केले असता, ते रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असूनही प्रत्यक्षात साडेपाच तासच झोपत, असे दिसले. उकाडा, डास, गोंगाट यांनी त्यांची झोप वारंवार मोडत होती. सल्ला, साहित्य आणि बक्षिसे देऊन त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढविण्यात आली, पण तिचा काम, कमाई वा मनःस्वास्थ्य यांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. याउलट कामाच्या ठिकाणी शांत जागी दुपारची थोडी झोप घेऊ दिली, तेव्हा कामाची गती आणि मनाची अवस्था दोन्ही सुधारल्या. झोपेचे तास मोजण्यापेक्षा ती कशी लागते हे पाहणे अधिक महत्त्वाचे, हा त्याचा बोध. घरातील दाटी, वीज आणि पाणी हेही झोपेचे प्रश्न आहेत, हा दुसरा.

म्हणूनच शेतीला दिवसा वीज देण्याच्या धोरणाकडे केवळ पिकाच्या दृष्टीने पाहू नये. महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ मध्ये आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. सौर प्रकल्पांतून शेतीच्या फीडरना दिवसा वीज द्यावी, हा तिचा हेतू. ती ज्या गावाच्या फीडरपर्यंत खरोखर पोहोचेल, त्या गावाला पाण्याबरोबर रात्रही परत मिळेल. या योजनेचा हिशेब मेगावॉटमध्ये मांडला जातो. आरोग्य खात्यानेही त्याची एक नोंद ठेवावयास हवी.

उपचार कोठून सुरू व्हावा

बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणीच्या वेळी २.७ टक्के प्रौढांना नैराश्याचा विकार असल्याचे आढळले, आणि अशा सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळालेले नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तोच दर येथे धरला आणि हिंगोलीतील प्रौढांची संख्या सात लाखांच्या घरात मानली, तर नैराश्यग्रस्तांचा आकडा एकोणीस हजारांजवळ जातो. त्यांपैकी उपचारावाचून राहणारे सोळा हजार. हा अंदाज आहे, पण प्रश्नाचे आकारमान कळावे इतपत तो पुरेसा आहे.

इतक्या लोकांपर्यंत केवळ मानसोपचारतज्ज्ञांच्या बळावर पोहोचणे अशक्य आहे. त्याला पर्याय असू शकतो, हे शेजारच्या विदर्भाने दाखविले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची ओळख, समुपदेशन आणि गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठवणी अशी व्यवस्था उभारण्यात आली. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात नमूद आहे. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी, हिंगोलीसह, राज्याच्या आरोग्य खात्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात हेच सूत्र होते: आशा स्वयंसेविकेने घरोघरी जाऊन ठराविक प्रश्न विचारावेत आणि खचलेल्या माणसाला आरोग्यकेंद्रापर्यंत आणावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध झाला, आणि २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. साधने अगदीच नाहीत असे नाही.

या साधनांत झोपेला मध्यवर्ती स्थान मिळावे, असे सुचविण्यास भक्कम आधार आहे. 'तुम्हाला नैराश्य आहे काय' या प्रश्नाला खेड्यातील माणूस नाही म्हणेल. 'झोप कशी लागते' या प्रश्नाला तो मोकळेपणाने उत्तर देईल. झोप गेल्याचे सांगण्यात लाज नाही. त्या उत्तरामागोमाग भूक, थकवा, मनाची उमेद यांविषयी विचारता येते, आणि घरात पूर्वी कोणाला असा त्रास झाला होता काय, हेही. 'होय' हे उत्तर आले, तर त्या घराकडे महिन्याभराने पुन्हा एक फेरी मारावी, एवढाच त्याचा अर्थ. आनुवंशिकतेच्या साऱ्या ज्ञानाचा आज गावपातळीवर होऊ शकणारा हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपयोग आहे. मरणाचे विचार बोलून दाखविणाऱ्याच्या बाबतीत मात्र थांबता येत नाही. त्याला त्याच दिवशी सोबत करून रुग्णालयात नेले पाहिजे.

निद्रानाशावर औषधाविना करावयाचा एक उपचारही सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने २०१६ मध्ये तो जुनाट निद्रानाशावरील पहिला उपचार म्हणून मान्य केला. झोप केव्हाही लागो, उठण्याची वेळ एकच ठेवावी. झोप आली तरच अंथरुणावर जावे. न लागल्यास उठून बसावे. दिवसा लांब झोप काढू नये. अंथरुणावरील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आधी कमी करावा व मग हळूहळू वाढवावा. आणि 'आज झोप आली नाही तर उद्या सर्व बिघडेल' या भीतीची समजूत घालावी, असे त्याचे स्वरूप आहे. नैराश्याच्या रुग्णांतही त्याने झोप सुधारते. नैराश्य किती हटते, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परंतु नैराश्य ओसरल्यावरही ज्यांचा निद्रानाश मागे राहतो, त्यांना तो आजार उलटण्याचा धोका अधिक असतो, हे ध्यानात घेता झोपेचा स्वतंत्र उपचार टाळण्यात शहाणपण नाही. तो शिकविण्यास जनुकांची चाचणी लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक पुरेसा होतो.

वारशाची लाज

शेवटी प्रश्न उरतो तो कुटुंबांचा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. जनुकीय माहितीच्या आधारे आरोग्यविम्यात व नोकरीत भेदभाव करण्यास अमेरिकेने २००८ मध्ये कायद्याने बंदी घातली; भारतात असा स्वतंत्र कायदा झालेला नाही. जनुकचाचण्या स्वस्त होत चालल्या असताना ही उणीव फार काळ ठेवण्यासारखी नाही. उद्या विमा कंपनीने आणि परवा मुलाकडच्या पाहुण्यांनी पत्रिकेच्या जोडीला जनुकांचा दाखला मागितला, तर नाही म्हणण्यासाठी माणसाच्या हाती काही तरी असले पाहिजे.

तोवर शाळेतील शिक्षक, बँकेतील कारकून, तलाठी, ग्रामसेवक आणि महाविद्यालयातील विद्यार्थी या गावात ऐकल्या जाणाऱ्या माणसांनी एक गोष्ट करण्यासारखी आहे. मधुमेह किंवा रक्तदाब घराण्यात आहे असे म्हटले, की माणूस साखर तपासून घेतो, मीठ कमी करतो. त्यापायी कोणाची सोयरीक मोडत नाही. नैराश्य आणि निद्रानाश यांची आनुवंशिकता त्याहून निराळ्या जातीची नाही. तेव्हा पारावर किंवा स्टाफरूममध्ये कोणाविषयी 'त्यांच्या घराण्यातच आहे' असे शब्द निघाले, की तेथेच विचारावे: मग त्याच्या मुलाची झोप कशी आहे, हे कोणी पाहिले आहे काय, आणि त्याला दवाखान्यात घेऊन कोण जाणार आहे?